मनकर्णानं उचललेला विडा

"दिवा लावला न्हाई का गं अजून?" सहादेवानं विचारलं.

मनकर्णा भाकरी थापत होती. तिनं मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं आणि तिचा हात भाकरीवरच थांबला. दिवा लावलेला होता. सहादेवाच्या अगदी समोर, हात लांब केला तर चटका बसेल इतक्या जवळ जळत होता. आणि हा बाबा डोळे ताणून त्या दिव्याच्याच दिशेनं बघत बसला होता.

"लावते," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? उठून दिव्याची वात उगीच वर-खाली केली आणि परत चुलीपुढं येऊन बसली. भाकरी तव्यावर करपली, तरी तिचं लक्ष नव्हतं.

ही मनकर्णा कोण, ते आधी सांगतो. पाथर्डीच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी पाच-पंचवीस घरांची एक वस्ती, तिथली ही सून. वय विशीच्या पुढं थोडंसं, लग्नाला तीन वर्षं झालेली, पदरात पोर नाही. बाई अशी की कोरड्या विहिरीत दोराला लोंबकळत उतरून गाळ काढायची, चुलीपाशी निघालेल्या सापावर पाटी पालथी घालून वर दगड ठेवायची आणि मग शांतपणे माणसं बोलवायला जायची. दिवसाउजेडी तिला भीती ठाऊकच नव्हती. पण बहात्तर सालच्या दुष्काळात तिला एका वेळेची भीती बसली. दिवस कलला, सावल्या लांब झाल्या की ही हातातलं काम टाकून घराकडं पळायची. कारण सूर्य बुडाला की तिचा धडधाकट, ताडमाड नवरा तान्ह्या पोरासारखा भिंत चाचपत फिरायचा.

रातांधळं. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना हा रोग नवा नव्हता. दुष्काळ आला की तो पाठोपाठ येतोच म्हणे. दूध नाही, पालेभाजी नाही, रेशनची ती लाल मिलो ज्वारी खाऊन माणसं नुसती पोट भरत होती. त्यावर औषधही सगळ्यांना ठाऊक होतं, शेवग्याचा पाला नाहीतर बकऱ्याचं काळीज. पण शेवगे तर लोकांनी कधीच ओरबाडून जनावरांपुढं टाकलेले आणि काळजाचं नाव काढायची कुणाची ऐपत! आणि औषध मागायला जायचं म्हणजे रोग सांगायचा. तोच तर सांगायचा नव्हता.

का सांगायचा नव्हता, तर मुकादमामुळं.

गोठ्यात हरण्या आणि मोऱ्या अशी दोन बैलं उभी होती. उभी होती म्हणायचं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दशा. शेजारचा श्रीमंत, नावाचा श्रीमंत बरं का, बाकी अंगावर धड सदरा नाही, तो घोडेगावच्या बाजाराला जाऊन आला होता. आल्या आल्या अंगणात बसला आणि डोक्याला हात लावून म्हणाला, "वैनी, बैल नेऊ नगा तिकडं. खाटकाबिगर कुनी दोरीला हात लावंना. माझ्या म्होरं एकजन जोडी तिथंच सोडून रडत गेला बघा."

त्या रात्री मनकर्णाला झोप लागली नाही. बैल जगवायचे तर एकच वाट होती, ऊसतोडीची. इकडं माळ करपला असला तरी देवळाली प्रवरेकडं पाटाच्या पाण्यावर ऊस उभा होता. तिथं गेलं की बैलांना उसाचे हिरवे वाढे पोटभर आणि माणसांच्या हाताला काम. पण आपल्या मनानं उठून तिकडं कुणाला जाता येत नाही. कारखान्याला माणसं पुरवतो तो मुकादम. तो गावोगाव फिरतो, माणसं पारखतो, टोळी बांधतो. आणि त्या साली मुकादमाचा काय रुबाब! एरवी तो लोकांच्या दारी चहा पीत बसायचा, आता लोक त्याच्या सायकलमागं पळत होते. ऊस थोडा, हात लई. दहा जणांनी विचारलं की एक घ्यायचा, अशी गत.

त्यात ऊसतोडीचा हिशेब माणसावर नसतो, कोयत्यावर असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधणार, दोघं मिळून गाडी भरणार. आणि भरलेली गाडी दिवस मावळायच्या सुमाराला फडातून निघते, ती नवऱ्यानं अंधारातून कारखान्यापर्यंत हाकायची. जोडीतला एक अधू निघाला तर दुसऱ्याला कुणी विचारत नाही. अर्धा कोयता कुणाच्या कामाचा?

म्हणून मनकर्णानं झाकली मूठ झाकलीच ठेवायची ठरवली. शेजारच्या साळूबाईला, श्रीमंताच्या बायकोलासुद्धा, तिनं सांगितलं नाही. एरवी दोघी एका चुलीचा विस्तव वापरायच्या.

पहिला मुकादम आला तो कानिफनाथ. हा माणूस म्हणजे महाबेरकी. आदल्या साली त्याच्या टोळीतली एक भरली गाडी पाटात गेलेली, बैल गेले, गाडीवानाचा पाय गेला. तेव्हापासून त्यानं एक रीत धरली होती. ज्याला घ्यायचं त्याला दिवेलागणीच्या वेळी गाडी जुंपायला लावायची आणि नाल्यापर्यंत नेऊन परत आणायला सांगायची. स्वतः मागं बसून बघायचा.

साळूबाईनं हे ऐकून येऊन सांगितलं होतं. कानिफनाथ त्यांच्या दाराशी आला तेव्हा दिवस कासराभरच वर राहिला होता. तिनं सहादेवाला आत लोटलं, वाकळ अंगावर टाकली आणि दारात येऊन उभी राहिली.

"हिवताप हाय त्यांना. कालधरून पडल्यात," ती म्हणाली.

"बघू तर," म्हणत तो आत शिरायला लागला.

"नगा हो, लई थंडी वाजतीया, आत्ता कुठं डोळा लागलाय."

कानिफनाथानं दारातूनच वाकून पाहिलं. आत सहादेव वाकळीखाली उकाड्यानं घामाघूम झालेला, श्वास रोखून पडलेला. मुकादमानं कपाळाला हात लावला असता तर घामानं निथळणारं कपाळ लागलं असतं. ताप उतरतोय म्हणाला असता आणि उठवून गाडीवर बसवलं असतं.

"बरं. दोन-चार दिसांनी येतो. दुसऱ्या कुनाला शबुद देऊ नका," असं म्हणून तो गेला. सायकल वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा ती उंबऱ्यातच बसली. आपण काय मिळवलं? चार दिवस. चार दिवसांनी हा पुन्हा सांजेलाच येणार.

पण त्याच्या आधी भिमाजी मुकादम आला, आणि आला तो सकाळी. मनकर्णाला वाटलं, देव पावला.

भिमाजी पन्नाशीचा, बोलायला मोजका, डोळा मात्र घारीसारखा. त्यानं हरण्याचा जबडा उघडून दात पाहिले, मोऱ्याचे खूर उचलून पाहिले. "वाळल्यात, पन हाडाची बरी हायती," म्हणाला. मग मनकर्णाचे तळहात पाहिले. सहादेवाला अंगणातला धोंडा उचलायला लावला. उन्हात सहादेव म्हणजे सहादेव! धोंडा खांद्यावर घेऊन तो अंगणाला फेरी मारून आला. भिमाजी खूश झाला.

"कानिफनाथ आल्ता म्हनं तुमच्याकडं?" त्यानं सहज विचारलं.

"आल्ता. वाटंला लावला," मनकर्णा म्हणाली. खोटं बोलताना तिची जीभ जरासुद्धा अडखळली नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण त्याला खोटं मात्र चांगलं येतं.

"मग ठीक. दोन डगरींवर पाय ठेवनारा मानूस मला चालत न्हाई. सांजच्याला मारुतीम्होरं या. विडा देतो."

सांजच्याला! तिच्या तोंडचा घास कुणी काढून घ्यावा तसं झालं. "आत्ताच द्या की मुकादम. सांजपर्यंत कशाला थांबायचं?"

"दिवा लागल्याबिगर विडा न्हाई. माझ्या बापापासून चालत आलंय," तो म्हणाला आणि पुढच्या घराकडं गेला.

भिमाजीच्या टोळीत विड्याला फार मान होता. मारुतीपुढं दिवा लावायचा, निवडलेले गडी एका ओळीत बसायचे, मुकादम नाव घेऊन एकेकापुढं तळहातावर विडा धरायचा. गड्यानं तो आपल्या हातानं उचलून तोंडात घातला की झाली बोली पक्की. मग तो दुसऱ्या मुकादमाकडं गेला तर त्याला गावात कुणी पाणी देत नाही. आणि नाही उचलला तर तिथंच विषय संपला, मुकादम दुसऱ्यांदा विचारत नाही. यात सगळ्यात कडक नेम असा की विडा पुढं आल्यावर कुणी चकार शब्द बोलायचा नाही. घे म्हणायचं नाही, खुणवायचं नाही. भिमाजीचा बाप म्हणायचा, भरीस घातलेला गडी अर्ध्या हंगामात पळून जातो. ज्याचं मन आहे त्यानंच हात पुढं करावा.

दुपारभर मनकर्णानं नवऱ्याला शिकवलं. त्याला डोळे मिटायला लावले, समोर बसली आणि तळहातावर खडा ठेवला. "तो नाव घेईल तुमचं. 'सहादेवा' म्हनंल. आवाज आला की तिकडं हात न्यायचा. छातीच्या उंचीला. घाई करायची न्हाई. आंधारात गाडीचं काय त्ये म्होरं म्या बघीन."

"सहादेवा," ती म्हणायची आणि तो हात न्यायचा. आधी तिच्या नाकाला लागला, मग खांद्याला. चार-सहा वेळा झाल्यावर बरोबर खड्यावर बोटं पडू लागली.

मध्येच तो थांबला आणि डोळे उघडून म्हणाला, "मनकर्णे, खरं सांगून टाकू. मला भ्या वाटतं."

"सांगा! सांगा आन हरण्याला घेऊन घोडेगावला जावा. तुमच्या हातानं द्या त्याची दोरी खाटकाला!" ती ओरडली. मग त्याचा चेहरा पाहून तिचं तिलाच वाईट वाटलं. तिनं खडा पुन्हा तळहातावर ठेवला. "परत करू," ती म्हणाली. तिला त्याच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती, पण दोघांनी घाबरून कसं चालेल?

ऊन असतानाच तिनं त्याला देवळात नेऊन बसवलं, ओळीत खांबाजवळ, म्हणजे पाठीला खांब लागला की जागा कळावी. बायका पारावर बाजूला बसल्या. तिच्या शेजारी साळूबाई होती. श्रीमंतही ओळीत होता. हळूहळू माणसं जमली आणि कठड्याबाहेर दुसरीच गर्दी झाली. ते सगळे न निवडलेले. कुणी पाय धरायला आलेले, कुणी एखादा गडी नाही म्हणाला तर आपला नंबर लागेल म्हणून टपून बसलेले.

दिवा लागला. तेलाची टंचाई, त्यामुळं दिवा म्हणजे नुसता काजव्याएवढा. भिमाजी उठला, विड्यांचं ताट एका हातात घेतलं, आणि पहिल्या गड्यापुढं जाऊन न बोलता तळहात पुढं केला.

नाव घेतलं नाही त्यानं! दर साली नाव घेणारा माणूस या साली मुका झाला होता. नाव पुकारलं की बाहेरची गर्दी कालवा करते, 'त्याला घेतलं, मला का न्हाई' म्हणत अंगावर येते, म्हणून त्यानं त्या वर्षी तोंडच उघडायचं नाही असं ठरवलेलं. हे तिला नंतर कळलं. त्या क्षणी तिला एवढंच कळलं की आता सहादेवाला मुकादम कधी पुढं आला ते समजणार नाही.

ओळीतला एकेक गडी विडा उचलत होता. श्रीमंतानं उचलला. मग भिमाजी सहादेवापुढं आला आणि हात पुढं केला.

सहादेव हाक यायची वाट बघत बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान ताठ, नजर भिमाजीच्या कमरेच्या पलीकडं कुठंतरी लागलेली. भिमाजी उभा, तळहातावर विडा. सगळं देऊळ गप्प. मनकर्णाला ओरडावंसं वाटत होतं, 'अहो घ्या, समोर हाय!' पण ओरडली तर नेम मोडला, आणि वर सगळ्यांना कळणार की याला समोरचा हात दिसत नाही.

बाहेर कुजबुज सुरू झाली. "घेईना की. कानिफनाथाला शबुद दिला असंल." "परवाच दारात हुता कानिफनाथ, म्या बघितला." कुणीतरी कठड्यावर पाय टाकून आत यायच्या तयारीलासुद्धा लागला. भिमाजीच्या कपाळाला आठी पडली. दोन डगरींवर पाय ठेवणारा माणूस त्याला चालत नव्हता, आणि हा तर त्याला चारचौघांत, देवापुढं, उभं ठेवून तोंड फिरवून बसला होता. त्याची बोटं हळूहळू मिटायला लागली.

बोटं मिटली की संपलं. बैल संपले, घर संपलं. मनकर्णा उठली. कशी उठली ते तिला पुढं कधी आठवलं नाही. बायकांची ओळ सोडून, दिव्याच्या उजेडात येऊन तिनं भिमाजीच्या तळहातावरचा विडा उचलला आणि तोंडात घातला.

काय गदारोळ झाला म्हणता! बाईनं विडा उचलायचा म्हणजे अब्रह्मण्यम! साळूबाईनं तोंडाला पदर लावला. कुणी म्हातारा "कलियुग, कलियुग" म्हणत उठून चालता झाला. बाहेरचे हसायला लागले. "नवरा बसला, बायकू उठली!" "आरं, बाईल्या हाय त्यो!"

भिमाजी तिच्याकडं बघत राहिला. तिच्या गालातला विडा हलत नव्हता. तोंड कोरडं पडलेलं, चावायचं तरी कसं?

"बाई," तो शेवटी म्हणाला, "ह्याचा अर्थ ठावं हाय का? आमच्यात विडा उचलतो त्योच गाडी हाकतो. हंगामभर. आंधारातनं, पाटाच्या कडंनं. रडून चालायचं न्हाई."

त्यानं तिला घाबरवायला म्हटलं होतं. तिनं माघार घ्यावी आणि आपली सुटका व्हावी, एवढाच त्याचा हेतू. त्याला बिचाऱ्याला काय माहीत की तो तिच्या मनातलंच बोलला!

"हाकीन," मनकर्णा म्हणाली.

देवापुढं उचललेला विडा परत घेता येत नाही. भिमाजी खाली मान घालून पुढच्या गड्याकडं गेला.

गर्दी पांगेपर्यंत सहादेव खांबाला टेकून बसून होता. मग तिनं पदराचं टोक त्याच्या हातात दिलं आणि दोघं घराकडं चालू लागली.

"लोक मला बाईल्या म्हनत्यात," तो म्हणाला.

"म्हनू द्या. आंधळा म्हनन्यापरीस बरं."

त्यावर तो रडला. हुंदके देऊन, लहान पोरासारखा. तिला रडू आलं नाही. तिच्या डोक्यात एकच फिरत होतं, आपल्याला भरली गाडी हाकता येईल का? जन्मात कधी कासरा हातात धरला नव्हता. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

दिवाळीनंतर टोळी निघाली. देवळालीच्या शिवारात पोचल्यावर डोळे निवले सगळ्यांचे. नजर जाईल तिथं हिरवं! हरण्या आणि मोऱ्या वाढ्यांवर तुटून पडले. उसाचं वाळलं पाचट टाकून कोप्या उभ्या केल्या, त्याच झोपड्या आणि तेच घर. मनकर्णानं पहिल्याच दिवशी पाटाच्या कडेची घोळाची भाजी खुडून आणली आणि सगळी सहादेवाच्या ताटात वाढली. आपण मिठाबरोबर भाकरी खाल्ली.

गाडी हाकायला ती शिकली. पहिल्या दिवशी चाक बांधावर चढलं, मोळ्या सुटल्या, बाकीचे गाडीवान पोट धरधरून हसले. "वैनी, बैलाला शिव्या द्याव्या लागत्यात, ओव्या न्हाई!" असं कुणीतरी म्हणालं. तिनं बैलाला नाही, त्यालाच एक सणसणीत शिवी दिली. त्यानंतर हसणं कमी झालं. सहादेव उसावर पालथा पडून मोळ्या धरून असायचा. लोकांना वाटायचं, आळशी आहे. तिला ते बरंच वाटायचं. आळशाचे डोळे कोण तपासायला जातं?

पण भीती गेली नव्हती. भिमाजी सायकलीला कंदील टांगून गाड्यांच्या पुढं चालायचा, आणि मागं वळून त्यानं कधी सहादेवाला हाक मारली की हीच आधी ओ द्यायची. कधी कुणी अंधारात सहादेवाच्या हातात विळा द्यायला जायचं, ती मध्येच झडप घालून घ्यायची. कोपीत पाणी मागायला कुणी आलं तर आधी तीच उठायची. पकडले गेलो तर मुकादम हंगामाच्या मध्यावर हाकलून देईल, बैलांच्या तोंडचे वाढे जातील, आणि पुढल्या साली कुठलाच मुकादम दारात उभं करणार नाही. मुकादम एकमेकांना बाकी काही सांगोत न सांगोत, हे नक्की सांगतात.

पुढं थोड्या दिवसांनी तिला वाटायला लागलं की इथं धुरळा फार आहे. दिवस बुडायला आला की गाडीवाटेवर धुरळा दाटायचा, पुढची गाडी पुसट व्हायची. तिनं पदरानं डोळे चोळले. पाण्यानं धुतले. दुसऱ्या दिवशी धुरळा आणखी लवकर आला.

"आज धुरळा लई हाय न्हाई?" तिनं फडात साळूबाईला विचारलं.

"असंल," साळूबाई म्हणाली आणि पाठ फिरवून मोळी बांधायला लागली.

त्या संध्याकाळी गाड्या पाटाच्या कडेला लागल्या, मनकर्णाची सगळ्यांत पुढं. डाव्या हाताला पाट, उजवीकडं उसाची भिंत, मध्ये एक गाडी कशीबशी जाईल एवढी वाट. तांबडं मावळलं. आणि तिला पुढचं काही दिसेना. बैलांची शिंगं दिसेनात, स्वतःचे हात दिसेनात. भिमाजीचा कंदील म्हणजे पार लांब एक मळकट डाग. धुरळा नव्हता. वारा पडलेला, हवा स्वच्छ, अंगाला गार लागत होती. तेव्हा तिला उमगलं. इतके दिवस ती स्वतःशीसुद्धा खोटं बोलत होती.

पाटाचं पाणी अगदी पायाशी वाजत होतं. ती गच्च कासरा ओढून थांबली.

"काय झालं गं?" वरून सहादेवानं विचारलं.

आता एक पाऊल चुकलं की हरण्या, मोऱ्या, हा वर पालथा पडलेला नवरा आणि ती, सगळी पाण्यात. बोललं तर टोळीतून गेलो, न बोललं तर जिवानिशी गेलो. इतके दिवस गच्च दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं.

"मला दिसत न्हाई!" ती मोठ्यानं ओरडली. "मला काय बी दिसत न्हाई! ह्यांनाबी दिसत न्हाई, पैल्यापासनं दिसत न्हाई!"

मागच्या गाड्या थांबल्या. क्षणभर नुसतं पाण्याचं वाजणं. मग अगदी पाठीमागून श्रीमंताचा आवाज आला, दबकत, चोरासारखा.

"वैनी, बोंबलू नगा. आमाला तरी कुठं दिसतंय? तुमच्या गाडीचं चाक ऐकत येतोय न्हवं का आमी."

"सांगितलं का न्हाई गं साळू?" मनकर्णा रडत म्हणाली.

"तू तरी कुठं सांगितलंस?" साळूबाई अंधारातून म्हणाली.

त्याच्याही मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या गाडीवर बी तसंच हाय." आणखी मागून खोकल्यासारखा आवाज आला. "आमी बी." म्हणजे सगळ्यांनीच मुकादमाला फसवलं होतं. कुणी ताप सांगून, कुणी उन्हात धोंडा उचलून दाखवून.

सायकल वाजली. भिमाजी परत आला. त्यानं सगळं ऐकलं होतं, एवढ्या शांततेत न ऐकायला काय झालं! तो कंदील घेऊन एकेका गाडीपाशी गेला, चेहऱ्यासमोर कंदील धरला आणि परत मनकर्णापाशी आला. मनकर्णा शिव्यांची वाट बघत मान खाली घालून बसली होती. आत्ताच हाकलून देणार का उजाडेपर्यंत थांबू देणार, एवढंच तिला कळायचं राहिलं होतं.

"कारखान्याला म्या छातीला हात लावून सांगितलंय," भिमाजी म्हणाला, "माझा एकेक कोयता पारखून घेतलाय म्हनून." त्यानं मागच्या गाड्यांकडं पाहिलं. "हे तिथं कळलं तर मला कुनी उभं करनार न्हाई. ह्या जन्मात न्हाई."

मग त्यानं कंदिलाची वात मोठी केली.

"कारखान्याच्या गेटावर दिवे हायती. तिथं समदे सरळ बघा. कुनी चाचपत चालू नका. काय?"

"व्हय," श्रीमंत म्हणाला.

भिमाजीनं सायकल उसात लोटून दिली. कंदील डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं हरण्याची वेसण धरली आणि पायी पुढं चालू लागला. "कासरा ढिला सोड," तो मनकर्णाला म्हणाला.

तिनं कासरा सोडला. ज्या माणसाला ती इतके दिवस घाबरत आली, त्याचा हात वेसणीवर थरथरत होता, आणि हरण्याच्या गळ्यातली घुंगरं त्या थरथरण्यानं एकसारखी वाजत होती. मागून सगळ्या गाड्या त्या आवाजावर चालू लागल्या.